भोंगा का वाजला नाही

भीमेकाठच्या वडगाव रासाईत मी गेले ती एका शेळीमुळे. मी दौंडच्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. गावात उसाच्या कडेनं लावलेले कॅमेरे आमचेच. बिबट्या दिसला की त्याचं चित्र ग्रामपंचायतीतल्या लिनक्स सर्व्हरकडे जायचं, सर्व्हर ते ओळखायचा आणि वस्तीवरचा भोंगा वाजायचा. आदल्या आठवड्यात बिबट्यानं एका दारातली शेळी नेली, पण भोंगा वाजलाच नाही.

"आज शेळी गेली, उद्या पोर जाईल," फोनवर आप्पा म्हणाले. त्यांचं शेत वस्तीला लागून. गावाच्या वतीनं तेच आमच्याशी बोलत. "तुमचं मशीन झोपतंय का काय?"

ग्रामपंचायतीत जाऊन बसले तर सगळं ठीक. कॅमेरे जागे आहेत का हे सारखं विचारणारा पिंग लावून ठेवला, उत्तरं येत होती. तरी केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, लॉग वाचला. काही सापडलं नाही. दुपारनंतर मात्र माझ्या डोळ्यांदेखत उत्तरं थांबली. जरा वेळानं दोन-चार आली, पुन्हा थांबली. साफ बंद पडलेली गोष्ट दुरुस्त करता येते. अशी अधूनमधून जाणारी असली की बिघाड हातीच लागत नाही, आणि इथं तर वस्तीत लहान मुलं होती.

शेवटी मी सर्व्हरवरूनच नेटवर्कला विचारलं, माझा नेटवर्कवरचा पत्ता आणखी कुठल्या यंत्राकडे आहे का? उत्तर यायला नको होतं. ते आलं. त्या यंत्राच्या नंबरावरून कळलं, तो सीसीटीव्हीचा रेकॉर्डर होता. पत्ता एकच असल्यानं तो चालू असला की आमची चित्रं त्याच्याकडे जात होती.

"आप्पा, कुणी नवीन कॅमेरे बसवलेत?" मी शेजारी येऊन बसलेल्या आप्पांना विचारलं.

"आमीच की. आमच्या पोल्ट्रीतनं कोंबड्या चोरीला जायच्या. वायरमननं तुमच्याच लाइनीवरनं नेट घेतलं."

"तो डबा कायम चालू असतो?"

"न्हाई. शेतीची लाइट आली की चालू."

"गेल्या आठवड्यात लाइट कधी होती?"

आप्पा हळूच म्हणाले, "रातची."

शेळी गेली तीही रात्रीच.

पत्ता बदलायचा तर पोल्ट्रीत जायला हवं होतं. आप्पांनी मला गाडीवरून पायवाटेपर्यंत सोडलं आणि ते इतरांना सावध करायला वस्तीवर गेले. पुढं काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात बाहेरून खिळे मारलेला पट्टा होता. दुसरा त्यांनी माझ्या गळ्यात बांधला. "त्यो मानंलाच धरतो," एवढंच म्हणाल्या.

दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. लाइट अजून चालू होती, म्हणजे रेकॉर्डरही चालू. या वाटेवर काही आलं तर भोंगा वाजणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. काकूंना मी ते सांगितलं नाही. वाळलं पाचट वाजलं की मी मागं वळून बघायचे. बिबट्यानं वाट सोडावी म्हणून त्या मोठ्यानं बोलत चालल्या होत्या.

पोल्ट्रीतल्या खोलीत शिरल्यावर घाईत पासवर्ड दोनदा चुकला. रेकॉर्डरला वेगळा पत्ता दिला. लॅपटॉपवर पिंगची उत्तरं ओळीनं येऊ लागली.

आणि भोंगा वाजला.

"तुमी वाजीवला?" काकूंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी दार ओढून कडी घातली. मी स्क्रीनवर चित्र उघडलं. पायवाटेचं वळण, आणि उसातून अर्धी बाहेर आलेली पिवळी, ठिपक्यांची पाठ. तिथून आम्ही नुकत्याच आलो होतो.

शेडमधल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. काकूंनी माझं मनगट धरलं. पुढच्या चित्रात वळण रिकामं होतं. तो कुठल्या बाजूला गेला, ते कुठल्याच कॅमेऱ्यात दिसेना. बाहेर लांबवर, वस्तीकडे, बिबट्याला पिटाळायला फटाके वाजले, माणसं ओरडली.

आप्पा चार माणसं घेऊन ट्रॅक्टरवर आले, दार वाजवून हाका मारू लागले. त्यांचा आवाज ओळखूनही आम्ही दोघींनी कडी लगेच काढली नाही.