शून्य रुपयांचं तिकीट

वाटूरच्या एसटीत ते म्हातारबाबा रोज दिसायचे. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे प्रवास फुकट. तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घेत आणि टोपीच्या घडीत खोचत. मग अर्ध्या तिकिटातल्या बायांकडे बघून म्हणत, "फुकट्यांनी सरकार बुडवलं!"

माझ्या पगारातून टॅक्स कापला जातो. एकदा उभ्याउभ्याच मी ऐटीत विचारलं, "अन् बाबा, तुमचं तिकीट?"

"पंच्याहत्तर वर्षं जगलो, ते काय फुकटात? काडेपेटीवरसुद्धा टॅक्स भरून राह्यलो." मग मला न्याहाळत म्हणाले, "तुम्ही काय करता?"

"झेडपीच्या शाळेत मास्तर."

बाबा लगेच खिडकीकडे सरकले. "सरकारचा पगार? मंग उभे कामून? बसा की, आपल्यातलेच तुम्ही!"