झेंडा शिवणाऱ्याचं नाव

सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरच्या चार-सहा दिवसांत आमच्या गावचा शिंपी मारला गेला. मुसलमान होता, एवढाच गुन्हा. मारणारे रझाकार नव्हते, ते तोवर पळाले होते. मारणारे गावचे होते. आपले होते.

हे मला कुणी सांगितलं नाही. शाळेत नाही, घरात नाही.

गेल्या वर्षी मुक्तिदिनासाठी मी पत्रक लिहिलं. देश सत्तेचाळीसच्या ऑगस्टात सुटला आणि आपण तेरा महिने मागं राहिलो. रझाकारांनी पेटवलेली घरं, सोलापूरच्या हद्दीत पळालेली कुटुंबं, तिथल्या शिबिरांतून लढलेली पोरं, शेवटी आलेली फौज, सगळं ठासून लिहिलं. आणि खाली अभिमानानं, की आमच्या गावानं एका दिवसात पहिला तिरंगा शिवला. तो झेंडा अजून शाळेच्या कपाटात आहे.

उमरग्याच्या एसटी स्टँडवर मी ते वाटत होते. बांगड्यांच्या गाड्यावरच्या म्हातारीनं सुनेकडून वाचून घेतलं आणि मला हाक मारली.

"गाव का नाम बराबर लिखे, बेटी. झंडा किने सिया, वो नै लिखे."

"गावानं शिवला, आजी."

"गाव के हाथ रहते क्या?"

सून हसली. म्हातारी हसली नाही.

"मेरे अब्बा सिये. मैं सुई में तागा डालको दी. हरा कपडा कम पडा, तो मेरी ओढनी फाडे."

कपाटातल्या झेंड्याच्या हिरव्या पट्ट्याला एका कोपऱ्यात जोड आहे. शाळेत आम्ही त्याला ठिगळ म्हणून हसायचो.

झेंडा चढला आणि त्याच आठवड्यात बाप गेला. तिच्या आईनं तिला हाताला धरून चालत उमरगा गाठलं. मशीन मागं राहिली. तिच्या पाटावर इस्त्रीचा डाग होता म्हणाली, मीच जाळला होता, मार खाल्ला होता.

आमच्या घरातल्या पायमशीनच्या पाटावर उजवीकडं इस्त्रीचा काळा डाग आहे. त्यावर वही ठेवून मी दहावी केली. ते पत्रकही तिथंच बसून लिहिलं.

आई ब्लाऊज शिवत होती. विचारलं, ही मशीन कुणाची?

"तुझ्या आजोबांनी आणली."

"कुठनं?"

तिचा पाय थांबला. "मला काय ठावं. मी लगीन होऊन आले तवा होतीच." पाय पुन्हा चालू झाला.

तेव्हापासून आई शेतात असली तरी भर दुपारी मला मशीनचा आवाज येतो. उठून बघते. चाक हललेलं नसतं.

मी उमरग्याला जाऊन म्हातारीला म्हटलं, मशीन आणून देते. तिनं मान हलवली. मशीन नको. सतरा सप्टेंबरला तुमच्या गावात झेंड्याखाली मुक्तिलढ्यातल्या माणसांची यादी वाचतात, तिच्यात अब्बांचं नाव घ्या. मेरे जीते जी.

सरपंचांकडं गेले.

"जुनं उकरून काय मिळणार, पोरी? रझाकारांनी आपल्या लोकांचं काय केलं ते लिही की."

"लिहिलंय. पहिलं पान भरून तेच हाय. दुसरं कोरं ठेवू का?"

"कोरंच बरं दिसतंय. तू लई शिकलीस, व्हय."

यादी वाचली गेली. नाव न्हाय. मी उभी होते, सलामीला हात वर, आणि डोळ्यांपुढं कपाटातला तो जोड.

त्या शिंप्याचं नाव मी इथं छापत नाही, म्हातारीनंच बजावलंय. पहले झंडे के नीचे, फिर कागज पे. ती अजून आहे, पण आता गाड्यावर बसवत नाही तिला.

म्हणून तुम्हाला सांगते. येत्या सतरा सप्टेंबरला तुमच्या गावची यादी वाचून झाली की उठा आणि विचारा, इथला पहिला झेंडा कुणी शिवला, आणि त्या माणसाचं पुढं काय झालं? नाव कळल्याशिवाय खाली बसू नका.