साडूंचा हिमालय

साऱ्या आष्टी तालुक्यात हिमालयाची काळजी वाहणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. त्यांची उभी हयात ऊसतोडीत गेली. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून मान आखडली, पण डोंगर म्हणावा असा डोंगर काही पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वी एकुलता मुलगा लडाखकडे रस्त्याच्या कामावर गेला आणि यांनी हिमालयच दत्तक घेतला. टपरीवरचं वर्तमानपत्र आधी यांच्या हातात. कुणी पावसाचा विषय काढला, की हे तिकडच्या बर्फावर येणारच. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून तिकडच्या थंडीची चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मध्यंतरी त्यांनी वाचलं, की डोंगरावरचा बर्फ वितळला की खालच्या जमिनीवरचा भार हटतो, दबलेली जमीन फार सावकाश वर येते आणि त्या हालचालीत कुठे कुठे भूकंपही होऊ शकतात. झालं. साडूंचं जेवणावरून लक्ष उडालं. एके दिवशी भर उन्हात त्यांनी बर्फाची लादी आणली, पाहुण्यांच्या कापसाच्या गादीवर ठेवली आणि समोर पाट मांडून बसले. संध्याकाळपर्यंत लादी विरघळली, पाणी सगळं गादीने पिऊन टाकलं आणि गादी होती तशीच चेपलेली राहिली. काही होत नाही, पोराला धोका नाही, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला हसू आवरेना.

मेव्हणीबाई ओली गादी उचलायला आल्या. साडूंच्या बरोबरीने त्यांनीही जन्मभर मोळ्या वाहिलेल्या. "कारखान्यावर सहा महिने वझं वाहिलं, तवा कंदी पाठ दुखली न्हाई," त्या म्हणाल्या. "घरी आलं, वझं उतरलं, की मग महिनाभर हाडं उठायची. तुमाला म्हाईत न्हाई का?"

साडूंचा हात आपसूक मानेवर गेला. माझंही हसू मावळलं. त्या डोंगरांनी तर ते ओझं हजारो वर्षं वाहिलेलं.

तेव्हापासून पोराचा फोन आला, की जेवलास का हे विचारायचं मेव्हणीबाईंनी आणि बर्फ आहे का हे विचारायचं साडूंनी, अशी वाटणी झाली. आहे म्हटलं, की साडू निवांत जेवतात. परवा ते ताटावर बसले असतानाच फोन आला. मी शेजारीच होतो. यंदा समोरचा डोंगर पार उघडा पडलाय, हे पोराचं बोलणं मलाही ऐकू आलं. मेव्हणीबाईंनी चुलीपासूनच विचारलं, काय म्हणतोय म्हणून.

"बर्फ हाय म्हणतो. लई हाय," साडू म्हणाले. मग मोडलेली भाकरी त्यांनी तशीच झाकून ठेवली.