एक हात, चार बोटं

“मोजलं काय?”

मावशी कोणालाही हेच विचारायची. कोणी म्हणालं ऊन फार आहे, कोणी म्हणालं सुनेनं फार छळलं, तिचा प्रश्न ठरलेला. विचारताना उजवा कोपर पोटाशी धरून पंजा सरळ पुढे करायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हेच तिचं माप. हार विकायची ती, आणि याच मापानं मोजून द्यायची.

आम्ही तिचे शेजारी. वडील तेल्हाऱ्याकडून वऱ्हाडातल्या या शहरात आले, जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचे. सहा माणसं, एक खोली, आणि त्या खोलीला खिडकी नाही. भरदुपारी दिवा लावावा लागे. वीज गेली की मी पुस्तक घेऊन मावशीकडे पळायची. तिच्या मागच्या खोलीला पूर्वेकडे एकच खिडकी होती. तिच्याखाली मावशीचे यजमान, दम्यानं थकलेले काका, खाटेवर पडलेले, मधे मावशी झेंडू ओवत बसलेली, कडेला मी. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. त्या खिडकीत झाली. हे मी अभिमानानं सांगते. कोणाला शेखी वाटली तर वाटो.

निकाल लागला त्याच वर्षी पलीकडच्या कापडवाल्यानं जुनं घर पाडून तीन मजली काढायला घेतलं. बघता बघता खिडकीपुढे विटा चढल्या. काकांना उजेड दिसेना, हवा लागेना. धाप वाढली.

मावशीनं हाराचा दोरा खिडकीतून बाहेर सोडला, समोरच्या भिंतीला टेकवला, गाठ मारली आणि हातावर मोजला. “एक हात, चार बोटं.” मग मान बाहेर काढून ओरडली, “भाऊ, नकाशात किती सोडलं?”

वरून कापडवाला म्हणाला, “मावशी, तुमी हार मोजा. घर आमाले बांधू द्या.”

मिस्त्री हसले. मावशीही हसली. “बरं,” म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. “अर्ज लिह्य व पोरी. बीए कायले झाली?”

मी दोन पानं लिहिली. पहिलीच पदवी, भाषेला आवर नव्हता. वर ठळक विषय घातला, ‘अतिक्रमणाबाबत’. महिन्यानं उत्तर आलं: अतिक्रमण सार्वजनिक जागेवर होतं, हे खाजगी जागेतलं बांधकाम आहे, सबब अर्ज निकाली. मी चुकीच्या खात्यात अर्ज दिला होता. तोंड वर करवेना.

मावशी खदखदून हसली. “दळण घेऊन आपण लोहाराकडं गेलो व! चाल, आता चक्की पाहू.”

चक्की म्हणजे नगररचनेचं ऑफिस. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मिळाली. मावशीच्या बाजूला समोरून मागेपर्यंत दीड मीटर मोकळी जागा दाखवली होती. नवा अर्ज मी पाच ओळींत लिहिला. मग सुरू झाले मंगळवार. दर मंगळवारी मावशी फुलांची टोपली घेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात बसायची. साहेब मिटिंगमध्ये. ती ओवायला लागायची. एका मंगळवारी साहेब बाहेर आले तेव्हा तिनं अख्खा हार उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“हे काय, बाई?”

“तुमची मिटिंग, साहेब. अकरा हात झाली.”

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हाकलतात. साहेबांनी हाराकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि फाईल मागवली.

इंजिनिअर आले. कापडवाल्यानं त्यांना रस्त्याच्या बाजूनं नेलं. तिथं अंतर बरोबर दीड मीटर. ते ‘नियमानुसार’ लिहिणार, तेवढ्यात मावशी आडवी आली.

“साहेब, हार मधातून तुटला, तर नुसतं टोक मोजून चालते काय?”

त्यांना हाताला धरून तिनं मागच्या खोलीत आणलं. काकांच्या खाटेवरून वाकून दोघांनी टेप खिडकीबाहेर काढला. बावन्न सेंटिमीटर. मावशीनं शेजारी आपला दोरा धरला. गाठ टेपाशी तंतोतंत जुळली. इंजिनिअर बराच वेळ त्या गाठीकडेच बघत होते. मीही. तीन वर्षं कॉलेजात घालवलेल्या मला त्या क्षणी फार लहान वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

नोटीस निघाली. कापडवाल्यानं अपील केलं. शिवाय घरी येऊन म्हणाला, “मावशी, खाली कोपऱ्यात फुलाच्या दुकानाले जागा देतो. मिटवा.” माझे वडीलसुद्धा म्हणाले, घेऊन टाका. मावशीनं खाटेकडे बोट दाखवलं. “दुकान घेतो भाऊ, पण ह्याईले श्वास कोठून देशीन?”

त्याच काळात त्याच्या पोरीचं लग्न निघालं. मावशीनं वधूवरांचे हार स्वतः ओवून पाठवले, मोगऱ्याचे. मी चिडले. “काहून पाठवले?”

“भांडण भिंतीसंग हाय व. पोरीनं काय केलं?”

अपील फेटाळलं गेलं. पुढच्या मार्चमध्ये घण घेतलेली माणसं आली आणि मागची भिंत तिन्ही मजले उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या बोळातून तिरपं ऊन खाटेच्या पायाशी आलं, मग काकांच्या छातीवर. ते दोन्ही हात उन्हात पालथे ठेवून पडून राहिले. त्यानंतर तीन वर्षं ते त्या उजेडात जगले.

मला अमरावतीला नोकरी लागली. मावशी गेल्या पौषात गेली. मी पोचले तेव्हा खोली झाडून झालेली होती. खिडकीच्या खिळ्याला तो दोरा तसाच, गाठ अजून पक्की. कोणी तरी म्हणालं, बाई मोठी होती हो. मला तिचाच प्रश्न ऐकू आला.

मी टेप मागवला. त्या खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दीड मीटर मोकळी जागा आहे. मी मोजली.