कॅमेऱ्यापुढे बसलेली आई

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळी अकरा. वृद्धाश्रमातली आईची खोली. हजर: आई, शेजारच्या खाटेवरच्या आजी, व्यवस्थापक बाई, माझा धाकटा भाऊ आणि मी.

आई दोनदा पडली म्हणून मार्चमध्ये खोलीत कॅमेरा बसवला. नियम मीच लिहिले. तोंड फक्त आईच्या खाटेकडे. लुगडं बदलताना बंद. मोबाइलवर पाहणार दोघंच, भाऊ आणि मी. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आईच्या नावापुढे भावाने सही केली आणि मी ती चालवून घेतली.

त्या दिवशी आईचे पाय पाहिले. सुजेवर बोट दाबलं की खड्डा पडत होता. पंखा गरम हवा फेकत होता आणि आई डोक्यावरून पदर घेऊन, पाय खाली सोडून बसलेली.

"दिवसभर अशाच बसतात," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत."

"टीव्हीवर बातम्या देनारी बी इतकी ताठ बसत नाही!" शेजारच्या आजी म्हणाल्या.

"काऊन व माय?" मी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "मोठे पाहून राह्यले न मले. तुह्या काकूनं सांगतलं फोनवर. त्यायच्यापुढं आंग टाकू काय?"

मोठे म्हणजे तिचे भासरे, पिंपळगाव राजा या गावी राहणारे आमचे थोरले काका. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यापुढे उघड्या डोक्याने आलेली नाही.

मी भावाकडे वळले. "कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकोणाला दिला?"

"काकाले, आत्याले... सर्वायले काळजी आहे न ताई."

"तिसरा नियम वाच. मोठ्याने."

त्याने वाचला. "पन आता काकाले नाही कसं म्हनू? राग येईन त्यायले."

काकांच्या रागाची एवढी फिकीर! दोन महिने सगळे म्हणत होते, आई मजेत आहे, छान बसलेली दिसते. आणि मी? मोबाइल पाहून रोज सकाळी वहीत खूण करत होते: आई बसली आहे, ठीक.

तिथेच उभं राहून भावाकडून पासवर्ड बदलून घेतला. "आता फक्त आम्ही दोघं," मी आईला सांगितलं. "झोप."

तिने पाय वर घेतले, पण पाठ टेकली नाही. "त्यायले सांगतलं काय? नाहीतर पुन्हा सुरू करून घेतीन."

"सांगते."

वहीत लिहिलं: काकांना सांगणे. पुढे माझंच नाव. आज बुधवार. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा काकांनीच उचलला, आणि मी पेरणीच्या तयारीचं विचारून ठेवून दिला. आई अजून बसूनच आहे.