लाभ, दोन, तीन

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं. एक म्हटलं की रास एकटी पडते, वाढत नाही, असं माझी माय सांगायची. खरं-खोटं तिलाच माहीत. पहिली पायली भरली की तिला हात लावायचा, तो हात कपाळाला न्यायचा, लाभ म्हणायचं आणि पोत्यात ओतायचं. आता सोयाबीन-कापूस सगळा काट्यावर जातो, पण घरी खायची तूर आणि ज्वारी आम्ही अजून पायलीनंच मोजतो. माझी नात बोलायला लागली तेव्हापासून माझ्याशेजारी बसून हे ऐकत होती. आकडे ती शाळेत नाही शिकली बरं का, राशीजवळ शिकली.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. लेक-जावई कामासाठी बाहेर, म्हणून पोरगी माझ्याजवळ. आमचं गाव मुकुटबनच्याही आत. शाळा दोन खोल्यांची, जिल्हा परिषदेची. पोरीला शाळेत घातली त्या दिवशी मी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की ही आकड्यांपायी शाळा सोडणार नाही.

कारण मी सोडली होती. चौतीस म्हटलं की कानावर आधी चार येतो आणि पाटीवर आधी तीन लिहावा लागतो. मी कानाचं ऐकायचे आणि ४३ लिहायचे. गुरुजी निरगुडीची ओली छडी ठेवायचे. एकोणतीसला तर माझं डोकंच चालायचं नाही. वीस आणि नऊ, त्यात तीस कुठून आला? विचारलं तर म्हणाले, "तोंड चालवते का? हात पुढं कर." हात सुजला तसं मायनं घरी बसवलं. सगळ्यांना बरंच वाटलं, घरी धाकटं भावंड सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. पुढं लिहायला-वाचायला मी माझी मीच शिकले, लेकीच्या पुस्तकांवर, तिच्या मागं मागं. एकोणतीसचं कोडं सुटलं तेव्हा माझ्या डोक्यात पांढरे केस होते. सुटल्यावर आनंद झाला म्हणता? राग आला. एवढ्यासाठी मारलं का, असं वाटलं.

तर नात दुसरीत गेली आणि शाळेत नवीन बाई आल्या. वयानं लहान, पांढरकवड्याहून स्कूटीवर यायच्या, तोंडाला ओढणी बांधून. त्यांनी तुरीच्या वाळल्या काड्या पोरांकडूनच गोळा करून आणल्या, सारख्या तोडल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधले. तीन गठ्ठे आणि वर चार सुट्या काड्या. "किती झाल्या?" तीस आणि चार. तीस चार. "आणि मोठी माणसं याला काय म्हणतात?" चौतीस. दोन्ही नावं शिकवायच्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळे हेच विसरले. आमच्या शाळेत निम्मी लेकरं कोलाम आदिवासींची. त्यांच्या घरी कोलामी चालते, त्यांना चौतीस काय आणि एकोणतीस काय, दोन्ही परकेच. ती पोरं भिंतीला टेकून मुकाट बसायची, ती आता गठ्ठ्यांवरून भांडायला लागली. माझी नात घरी येऊन भेंड्या मोजायची, चुलीपुढच्या काड्या मोजायची, माझ्या हातातल्या बांगड्यांपर्यंत आली.

"आजी, एकोणतीस म्हणजे वीस नऊ. एक कमी तीस. सोपं आहे."

"सोपं आहे नं," मी म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. धूर होता म्हणून सांगितलं तिला.

त्याच सुमारास टीव्हीवर भांडण सुरू झालं. नवीन पुस्तकात आकड्यांची नावं फोडून लिहिली म्हणून शहाणी माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. कोणी म्हणे मराठी बुडाली, कोणी म्हणे पोरांचं भलं झालं. ते भांडण आमच्या गावात आणलं माझ्या दिरानं. दीर म्हणजे धाकटे, कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, आता शाळेच्या समितीत. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला पहिले धावतात. पण एकदा बोलायला उभे राहिले की समोर माणसं आहेत हे विसरतात.

ओसरीवर येऊन बसले एक दिवस, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या नातीले ती बाई बिघडवून राह्यली. बावन्न म्हणायले नाही शिकवत, पन्नास दोन म्हणते. आपल्या भाषेचा पार भुगा करून टाकला."

"दोन्ही शिकवते भाऊजी. या इथं, पोरीलेच इचारा."

"मले कायले इचारायचं? मी पेपरात वाचलं."

"तुमचा नातू कॉन्व्हेंटमध्ये फिफ्टी टू म्हणते, ते काय हाय मग? ते पन्नास दोनच होय नं?"

त्यांनी चहा ठेवला खाली. "ते इंग्रजी हाय वहिनी. इंग्रजीत चालते."

मी कप उचलून आत गेले.

समितीनं सभा बोलावली. शनिवारी, शाळा सुटल्यावर, पटांगणातल्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून. ठरवायचं हे होतं की बाईंची पद्धत चालू ठेवायची का बंद करायची. बाया मागं, माणसं पुढं, नेहमीसारखं. माझ्यासाठी त्या सभेत एवढंच होतं की काड्या राहिल्या तर माझी पोरगी शाळेत टिकते. दुसरं मला काही नको होतं.

बाई फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगण्यापेक्षा तुम्ही लेकरांकडूनच बघा." आणि माझ्या नातीला पुढं बोलावलं. वर्गात सगळ्यात चटचट तीच करायची. तिच्यासमोर काड्यांचा ढीग ठेवला आणि सांगितलं, मोज, गठ्ठे बांध आणि किती झाल्या ते दोन्ही नावांनी सांग.

पोरगी ढिगापुढं बसली. समोर सारं गाव. वर्गात ती बाकावर बसून मोजायची, इथं जमिनीवर, ढीग पुढ्यात, भोवती मोठी माणसं, खळ्यावर असतात तशीच. मला मागून तिची पाठ दिसत होती. तिनं पहिली काडी उचलली, हात कपाळाला नेला आणि खणखणीत म्हणाली, "लाभ."

मग दीर मोठ्यानं म्हणाले, "घ्या! एकाले लाभ! हे नवीन गणित! उद्या दोनाले नफा म्हणतीन अन् तिनाले तोटा!"

काय हसले लोक! पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "बाई, पोरीले शाळेत बसवली का दुकानात?" अजून हसले. बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. पोरीला कळेना काय झालं. तिनं दोन, तीन, चार एवढं हळू हळू मोजलं, मग मागं वळून मला शोधलं, आणि हातातल्या काड्या तिथंच सोडून दिल्या.

बाई म्हणत होत्या, "अहो, तिला एक येतो, ते घरचं आहे तिचं, तुम्ही पुढं तर बघा..." ऐकतं कोण?

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठले. म्हटलं, "भाऊजी, परवा तुमच्या खळ्यात तूर मोजली, तवा पहिल्या पायलीले तुम्ही काय म्हटलं होतं? मी होते तिथं. हे सारे हसणारे काय म्हणतेत आपापल्या घरी? सांगा नं!"

दीर हसू आवरून, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, खळं वेगळं, शाळा वेगळी. बसा तुम्ही."

आणि माना हलल्या. ज्यांनी ज्यांनी त्या हंगामात लाभ म्हणून रास मोजली होती, त्या सगळ्यांच्या माना हलल्या. त्या हसण्यापेक्षा मला त्या माना जास्त लागल्या. हसणं माणूस विसरतो एक वेळ. पण आपण घरी जे तोंडानं म्हणतो, तेच लेकरानं चारचौघांत म्हटलं तर आपल्याला त्याची लाज वाटावी?

ठराव झाला. काड्या कपाटात गेल्या, पोरं पुन्हा ओळीनं उभी राहून उजळणी ओरडायला लागली. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. जाताना घरी आल्या होत्या. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण ती माझ्या लुगड्यामागून बाहेर आली नाही. बाई म्हणाल्या, "मावशी, मीच तिला पुढं करायला नको होतं." मी म्हटलं, "तुम्ही काहून मनाले लावून घेता माय? हसले कोण?"

आणि ज्यांना बावन्न आणि चौतीस वाचवायचे होते ना, त्यांनी काय केलं, सांगते. शाळा उघडायच्या आत त्यांतल्या कितीकांनी दाखले काढले आणि पोरं कॉन्व्हेंटला घातली. आता सकाळी पिवळी व्हॅन येते, माझ्या दारावरूनच जाते, आणि आतली पोरं थर्टी टू, थर्टी थ्री, थर्टी फोर ओरडत असतात. व्हॅन आली की दीर हात हलवतात.

माझी नात त्याच दोन खोल्यांत आहे. आता कोणी मारत नाही, कायदा आहे म्हणतात. नवीन गुरुजीही भले आहेत. फक्त मोजायला सांगितलं की ती उठत नाही. येत असलं तरी उठत नाही. कोलामांची पोरं परत भिंतीला टेकली, ही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गुरुजी म्हणतात, "पोरगी लाजाळू आहे." मी म्हटलं, "नव्हती."

यंदा तूर आली. थोडीच होती, अंगणातच रास केली. मी पायली तिच्यापुढं सरकवली.

"घे, तू मोज."

"तूच मोज, आजी."

"माझी कंबर दुखते. पहिली तरी भर."

तिनं भरली. नीट, काठोकाठ, वरचं बोटानं सारखं केलं. हात कपाळापर्यंत न्यायला लागली आणि मधेच थांबली. फाटकाबाहेर रस्त्यावर बघितलं, कोणी येतं-जातं का. रस्ता रिकामा होता. तरी तिनं हात खाली घेतला.

"एक," ती म्हणाली, इतकं हळू की मला ओठांवरूनच कळलं.

मी पोतं उघडं धरून बसले आणि तिनं ती पायली ओतली.