एक मार्काचा पिचर

साठी उलटलेल्या माणसाला कुणी मार्क देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत घेतले, कॉलेजात घेतले, नोकरीत दरवर्षी साहेबाच्या केबिनमध्ये बसून घेतले. रिटायर झाल्यावर तरी ही कटकट सुटेल असं वाटलं होतं. पण २००५च्या सुमाराला न्यू जर्सीतल्या आमच्या सॉफ्टबॉल लीगने मला पाचपैकी एक मार्क दिला आणि पार्कातल्या शेडमध्ये सगळ्यांच्या देखत तो वाचूनही दाखवला.

ही लीग साठीच्या पुढच्यांची. प्रत्येक खेळाडूला एक ते पाच मार्क, त्यांची सरासरी काढायची आणि त्यावरून टीमची पातळी ठरवायची: ए, बी किंवा सी. सी सगळ्यात खालची. धडधाकट टीमने गुडघे बदललेल्या टीमला धोपटू नये, हा हेतू. हेतूला कोण नावं ठेवणार? पण मार्क देणारी तीन जणांची कमिटी स्वतःच त्या लीगमध्ये खेळायची. तिघं तीन वेगवेगळ्या टीममध्ये आहेत, म्हणून न्याय होतो, असं ते तोंड वर करून सांगायचे.

आमची टीम पिस्कॅटवे आणि आसपासची. सगळे देशी, त्यातले बहुतेक मराठी, सत्तरच्या दशकात आलेले इंजिनिअर नाहीतर केमिस्ट. आम्ही खरे क्रिकेटवाले. पण व्हिसावर आलेली पुण्या-मुंबईची पोरं मैदानावर आली, आणि "काका, तुम्ही अंपायरिंग करा ना" म्हणत त्यांनी आम्हाला गोड बोलून बाहेर काढलं. मग आम्ही सॉफ्टबॉलकडे वळलो. हे मैदान गेलं तर पलीकडच्या मैदानावर जायचं, एवढाच विचार.

मी पिचर होतो, म्हणजे क्रिकेटमधला बॉलर. म्हाताऱ्यांच्या या खेळात बॉल खालून, उंच कमान करून टाकायचा असतो. त्याला ताकद लागत नाही. समोरच्याला ताटकळत ठेवून उतावीळ करायचं, एवढंच काम. ते मला जन्मजात येतं, बायको साक्ष देईल. माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे पळणं बंद होतं. बॅटिंगनंतर माझ्याऐवजी दुसरा पळायचा, तशी नियमात सोय होती. पण फील्डिंगला पळायची गरज नसलेली जागा एकच, पिचरची. ती गेली की माझा खेळ संपला, हे मला ठाऊक होतं आणि टीमलाही.

पहिल्याच सीझनमध्ये आम्ही हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आमच्या कॅप्टनच्या डोक्यात क्रिकेटचा रनरेट पक्का बसलेला. हा नागपूरचा, माझा तीस वर्षांचा मित्र, एकाच कारमधून आम्ही ऑफिसला जायचो. पॉइंट सारखे झाले तर रनांच्या फरकावर निकाल लागणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारायची आम्हाला सवयच नव्हती. मग सामना खिशात असला तरी आम्ही शेवटपर्यंत बदडत राहायचो. समोरचे वाकून गुडघे धरायचे, आणि हा बाहेरून ओरडायचा, "अरे, रनरेट, रनरेट!" त्या लीगमध्ये रनरेट नावाची चीजच नव्हती. रनांचा फरक मोजत होती ती फक्त कमिटी, आणि ती मार्क वाढवायला.

दुसऱ्या नंबरवर होती ती एका रिटायर्ड जिम टीचरची टीम. त्याच्याकडे कुंपणाबाहेर बॉल मारणारे चार-पाच तरी गडी होते. पण हे लोक कुणालाही एक-दोन रननीच हरवायचे. जरा पुढे गेले की यांच्या हातातून बॉल सुटायला लागायचे, रन घेताना कमरा धरल्या जायच्या. आमच्याविरुद्ध यांच्या एका बाप्याने पोटावर आलेला कॅच सोडला आणि वर हसला. मी ते हसणं पाहिलं. मला त्या क्षणापासून ती टीम डोळ्यांसमोर नको झाली.

सीझन संपल्यावर शेडमध्ये मार्क वाचले गेले. आमच्या जवळजवळ प्रत्येकाचा एक मार्क वाढला. माझा एकच राहिला. टीम सी मधून वर, बी मध्ये ढकलली. जिम टीचरची टीम मात्र सी मध्येच, सुखरूप. आमच्या कॅप्टनने चाचरत हरकत घेतली, तर कमिटीचा मुख्य म्हणाला, "तुम्ही वीस-वीस रननी जिंकता. कॉम्प्लिमेंट समजा."

माझं डोकंच फिरलं. नोकरीत ज्या गोऱ्यांनी आम्हाला एक पायरी खाली ठेवून आमच्या हाताखालच्या पोरांना आमच्यावर साहेब म्हणून बसवलं, तेच लोक आता कॉम्प्लिमेंट म्हणून एक पायरी वर ढकलत होते! मी उठून जिम टीचरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं की हा माणूस चोर आहे, याची टीम मुद्दाम वाईट खेळते. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही म्हातारे आहोत. दमतो." शेड हसली. आणि आमचेच लोक माझी बाही ओढत होते. "जाऊ दे ना यार, सीन नको करू."

जाऊ दे! या दोन शब्दांवर आमची अख्खी पिढी या देशात जगली. मी म्हटलं, अपील करू. कॅप्टन म्हणाला, करतो. केलं नाहीच. उलट संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या स्टेजवर जाऊन याने अनाउन्स केलं की आपली टीम बी लेव्हलला प्रमोट झाली आहे. टाळ्या पडल्या. वहिनींनी तिळगूळ वाटला. मी तो खाल्ला, पण गोड बोललो नाही.

मार्चमध्ये कॅप्टन घरी आला. चहा झाला, मुलाबाळांच्या चौकशा झाल्या. मग म्हणाला, "अरे, बी मध्ये बॉल फार जोरात परत येतो. पिचरच्या छातीवरच. तुझं ऑपरेशन झालेलं. आम्हाला सगळ्यांना तुझी काळजी वाटते रे." काळजीपोटी त्यांनी नवा पिचर आधीच ठरवून टाकला होता, त्याच्या शेजारचा एक रिटायर्ड फायरमन. मी स्कोअर लिहावा, कारण माझं अक्षर चांगलं.

"काळजी वाटते की हरायची भीती?" मी विचारलं.

तेवढ्यात बायको आतून आली आणि म्हणाली, "भाऊजी बरोबरच सांगताहेत." आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? रात्री मुलीला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट सॉफ्टबॉल." मी फोन तिच्या आईकडे दिला.

महिन्याभराने जिम टीचरचा फोन आला. आवाज ओळखल्यावर मी ठेवणारच होतो. तो म्हणाला, "तू मोकळा आहेस असं कळलं. मला एक मार्काचा माणूस हवा आहे." नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याच्या एका दांडग्या खेळाडूचे मार्क कमिटीने मागाहून वाढवले होते. सरासरी वर सरकून टीम बी मध्ये जाणार होती. माझा एक मार्क त्यात घातला की गाडी परत सी मध्ये.

"मी तुला चारचौघांत चोर म्हटलं होतं," मी म्हणालो.

"बरोबर म्हणाला होतास. आम्ही मुद्दामच हळू खेळतो," तो म्हणाला. "माझ्याकडे सहा जण तुझ्यासारखे आहेत. एकाला दिसत नाही, एकाचे दोन्ही गुडघे गेलेत. टीम वर गेली की त्यांना बसवावं लागेल. तुझं झालं तसं. मी कुणाला बसवणार नाही, त्यापेक्षा कॅच सोडीन."

मला त्याचा आणखीच राग आला. वर्षभर ज्याला मी शिव्या घातल्या त्याने एवढं सरळ बोलावं, हे सहन होईना. त्याची चोरी चोरीच होती. ज्या टीमला तो एक-एक रनने हरवायचा, त्यातही गुडघे गेलेली माणसं होती, हे मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "असतील. मी माझ्या माणसांचं बघतो." मग विचारलं, "पिचिंग करशील ना?"

मी हो म्हटलं. तत्त्वं मला पुष्कळ होती, पण पिचर म्हणून उभं राहायला जागा त्या एकाच माणसाने दिली. त्या सीझनला मी प्रत्येक सामन्यात पिचिंग केलं. चार रननी पुढे गेलो की तो बाहेरून डोक्यावरची टोपी काढायचा, मग मी मुद्दाम सोपे बॉल टाकायचो. चांगलं येत असताना वाईट टाकायचं, हे सोपं काम नाही. मनातून चडफडत टाकायचो, पण टाकायचो.

आमची जुनी टीम बी मध्ये एकही सामना जिंकली नाही. फायरमनने खांदा दुखतो म्हणून मध्येच राम राम ठोकला. ऑगस्टमध्ये कॅप्टनचा फोन आला. "अरे, तुझ्याशिवाय मजा नाही यार. सगळे तुझी आठवण काढतात. पुढच्या सीझनला परत ये ना आपल्या टीममध्ये."

माझ्या तोंडून हो निघणारच होतं. तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून ऑफिसला गेलो होतो. मग तो पुढे म्हणाला, "कमिटी म्हणते, सरासरी थोडी खाली आली तर आपल्याला सी मध्ये घेतील. तुझा एक धरला की बरोब्बर बसतं."

"पिचिंग देशील?" मी विचारलं.

"ते बघू रे. आधी टीमच्या यादीत नाव तर येऊ दे."

मी त्याला सांगितलं की शनिवारी सकाळी माझी मॅच आहे, मला बॅग भरायची आहे.